उमसुनायची शेवटची ओळ

तंबू विकायचा नाही, हे मी तुला फाटकातच सांगितलं. तरी तू आत आलास, बूट काढलेस, चहा घेतलास, हे बरं केलंस. अशा हवेत पाहुण्याला फाटकातून परत लावला असता तर म्हातारीनं मला जेवायला घातलं नसतं. तुझं म्हणणं मला पटतं. लोकरीचा नमदा जाड आहे, सांगाड्याची एकही काठी वाकलेली नाही, माथ्यावरचं गोल कडं माझ्या आजोबांच्या हातचं आहे. सोन-कुल तळ्याकाठी उभा केलास तर परदेशी लोक रांग लावतील. आणि इथं तो माझ्या अंगणात हिवाळाभर रिकामा उभा. आत चूल नाही, अंथरूण नाही. कुणालाही वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

कारण सांगतो. पण मला घाईत सांगता येत नाही. शाळेत मी गेलो नाही, त्यामुळं कुठलं आधी आणि कुठलं मागून, हे मेंढरं फाटकातून एकेक सोडतात तसं सोडावं लागतं. दिवा जरा तुझ्या बाजूला घे. आणि एक आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगायला लागलो की अजूनही माझी छाती पोरासारखी धडधडते. भीतीनं म्हणशील तर भीतीनं, आनंदानं म्हणशील तर आनंदानं. त्या दिवशी दोन्ही एकाच दारातून आत आले होते.

ओढ्यापलीकडं उमसुनाय राहायची. माझ्या बायकोची, बुरुलची, जन्माची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या, आणि म्हातारपणी दोघींचे पुढचे दातही एकाच वर्षी पडले. उमसुनायची जीभ म्हणजे कात्री. आणि बुरुल म्हणजे आमच्या खोऱ्यातली कोशोक म्हणणारी. तुम्ही आता शहरातली पोरं, तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. माणूस गेलं की अंगणात नमद्याचा तंबू उभारायचा, मढं आत पडद्याआड ठेवायचं. चूल पेटवायची नाही, मढ्याला गारठ्यातच ठेवायचं. बायका आत भिंतीकडं तोंड करून बसतात आणि गेलेल्याला हाका मारत, हेल काढून त्याचं आयुष्य गातात. तो कोशोक. पुरुषांनी बाहेर काठीवर वाकून मोठ्यानं रडायचं. आत जायचं नाही, आतलं गायचं नाही.

उमसुनाय जिवंतपणी बुरुलच्या मागं लागायची, की माझा कोशोक मला आत्ताच म्हणून दाखव, मेल्यावर मला काय ऐकू येणार आहे. बुरुल म्हणायची, आधी मर तरी, मग बघू. यावर उमसुनाय डोळे बारीक करायची.

"मध्येच तोडू नकोस हं, बुरुल. तुझं सगळं लक्ष मटणाच्या वाटणीकडं असतं. माझा अर्धा ठेवलास तर परत येऊन पुरा करून घेईन."

आणि दोघी बोळक्या तोंडांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

त्या हिवाळ्यात उमसुनाय झोपेतच गेली. निरोप आला त्या संध्याकाळी बुरुल बाह्या वर करून पीठ मळायला बसली. तिची ती जुनी रीत. कोशोक आदल्या दिवशी जुळवायचा तो पीठ मळता मळता, परातीवर मुठी आपटत, ओठांतल्या ओठांत. मी इथंच, तुझ्या जागेवर बसून लगामाला टाके घालत होतो. चाळीसएक वर्षं मी तिला असं पुटपुटताना ऐकत आलो. ऐकतोय असं दाखवायचं नाही, एवढंच.

सकाळी घसरगाडीला घोडा जोडला. तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, बोर्सोकांची, टोपली मागं ठेवली, तिला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून बसवली. वाटेत ती म्हणाली, डावा हात दुखतोय, पीठ जरा जास्तच मळलं. मी म्हटलं, चेष्टा म्हणूनच, की मग मटण उजव्या हातानं घे. ती हसली. नदी गोठून पांढरी पडली होती. सगळं रोजच्यासारखं होतं.

उमसुनायच्या अंगणात तंबू उभा होता. बुरुल आत गेली. मी बाहेर पुरुषांच्या रांगेत काठीवर वाकून उभा राहिलो. आणि नमद्याच्या आतून तिचा आवाज उठला. म्हातारपणी माणसाचा आवाज जातो, तिचा नव्हता गेला. धुरासारखा सरळ वर जायचा.

पांढऱ्या घोडीवर गं, सून होऊन आलीस,
ओल्या लाकडाची सुद्धा, चूल पेटती केलीस.
जिभेला गं धार तुझ्या, हाताला गं माया,
कुत्र्याच्याही पिलाला तू, दिलीस गं छाया.

पुरुष रडत होते. मीही. असंच एकेक कडवं करत ती शेवटाशी आली. कोशोकचा शेवट म्हणजे गेलेल्याला निरोप. तिकडचं तिकडं, इकडचं इकडं. त्यासाठीच तर सगळं गायचं.

नदी ओलांडताना गं, मागं नको पाहू...

आणि आवाज थांबला.

मला वाटलं, दम घेते आहे. मग वाटलं, ठसका लागला. आतून एक बाई तिचं नाव घेऊन किंचाळली, तेव्हा माझे पाय रीत विसरले. मी दाराचा पडदा उचलून आत शिरलो. बुरुल भिंतीला कपाळ टेकून बसल्या बसल्या गेली होती. डोळे अर्धे उघडे. ओठ निळे. पडद्यापलीकडं उमसुनाय, अलीकडं ही. दोघी सारख्याच गप्प.

आमच्या गावच्या दवाखान्यात ताश्तान नावाचा आरोग्यसेवक होता. उमसुनायच्या थोरल्या दिराला रक्तदाबाचा त्रास, अशा रडारडीत त्याचं काही होऊ नये म्हणून ताश्ताननं जिल्ह्याची रुग्णवाहिका आधीच बोलावून ठेवली होती. तो मला ढकलून आत आला, बुरुलला उताणी पाडली आणि दोन्ही हातांनी तिच्या छातीवर धपाधप दाबायला लागला. सुतकाच्या तंबूत, मढ्याशेजारी, परका पुरुष बाईच्या छातीवर. बायका ओरडल्या. एका म्हातारीनं त्याच्या पाठीत काठी घातली. तो थांबला नाही. दाबता दाबता म्हणाला, "मारा, पण मला मोजू द्या." बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडते तसा. मग गाडीतलं यंत्र आलं, तिच्या उघड्या अंगाला चिकटवलं, आणि त्या झटक्यानं तिचं शरीर जमिनीवरून उडालं. दुसऱ्या झटक्याला ताश्ताननं तिच्या मानेवर बोटं ठेवली आणि तो माझ्याकडं बघून हसला. घामानं न्हालेला, रडणारा, हसणारा. असं तोंड मी नंतर कुणाचं पाहिलं नाही.

हृदय चालू झालं. पण ती काही उठली नाही.

जिल्ह्याच्या इस्पितळात झेयनेप नावाची डॉक्टरीण होती, माझी लेक शोभेल एवढी, राजधानीत शिकून आलेली. तिनं बुरुलच्या डोळ्यांत उजेड पाडून पाहिला, तळव्याला टोचून पाहिलं. श्वासाची नळी घातली. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली, लहान पोराशी बोलावं तशी.

"बाबा, मधल्या वेळात त्यांच्या मेंदूला रक्त मिळालं नाही. तो उपाशी राहिला. आता रक्त आलंय, पण उपाशी माणूस एकदम जेवला की जसा आजारी पडतो, तसं त्याचं होईल. म्हणून त्यांना गार करायचंय. मेंदू गार झाला की निजतो, काही मागत नाही. एक दिवस आणि एक रात्र गार ठेवायचं, मग अगदी हळूहळू ऊब द्यायची."

मी विचारलं, किती गार.

"हात लावलात तर तुम्हाला वाटेल, गेल्या."

"आणि उठली तर मला ओळखेल?"

ती खोटं बोलली नाही. म्हणाली, ते उठल्यावरच कळेल.

तुला गंमत वाटेल, पण मला ते पटकन समजलं. आपल्या डोंगरातला लठ्ठ, केसाळ सुवूर बघ. हिवाळाभर बिळात गोळा होऊन पडतो, हातात घेतला तर दगड. आणि बर्फ वितळला की हाच दगड शीळ घालत बाहेर येतो. मी म्हटलं, पोरी, म्हणजे तू हिला सुवूर करणार. ती हसली आणि म्हणाली, अगदी तसंच.

गार करायचं यंत्र राजधानीत होतं. आमच्याकडं बर्फ होता. खोलीची ऊब बंद केली, खिडक्या उघडल्या, आणि झेयनेपनं मला रबरी पिशव्या दिल्या. काय धावलो मी त्या दिवशी. अंगणातून स्वच्छ बर्फ ठासून भरायचा, जिना चढायचा, फडक्यात गुंडाळून तिच्या मानेशी, काखेत, जांघेत लावायचा, वितळलेल्या घेऊन पुन्हा खाली. गुडघे विसरलो, वय विसरलो. चाळीस वर्षं या बाईनं माझे पाय शेकले होते, आता मी तिला गोठवत होतो, आणि प्रत्येक पिशवीबरोबर मला वाटत होतं, तिला तिकडून ओढून एक हात अलीकडं आणतोय. पलंगाशेजारच्या यंत्रावर तिच्या अंगाची ऊब आकड्यात दिसायची. अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात. पाहिजे तिथं आकडा आला तेव्हा झेयनेपनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोलीत इतका गारठा होता की तिच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. माझ्याही. फक्त बुरुलच्या तोंडातून नाही. तिचा श्वास नळीतून यंत्रात जात होता.

परिचारिका एक आणि रोगी अनेक. म्हणून झेयनेपनं मला तिथंच बसवलं. काम एकच, हिला कुणी ऊब देऊ नये हे बघायचं. तेच सगळ्यात अवघड होतं. तिचा हात हातात घेतला की आपला हात आपोआप चोळायला लागतो. मी माझे हात मांड्यांखाली दाबून बसलो. रात्र तशीच गेली.

सकाळी कादिरकुल आला. बुरुलचा धाकटा भाऊ. मनानं सोन्यासारखा, पण डोक्यात एकदा काही शिरलं की बैल परवडला. त्यानं खांद्यावर कोल्ह्याच्या कातड्याचा जाड कोट घेतला होता. पलंगाजवळ गेला, बहिणीच्या कपाळाला हात लावला, आणि झटका बसल्यासारखा काढून घेतला.

मग खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, ही कालच गेलीये. तुम्हाला कुणी सांगत नाहीये."

मी समजावलं. यंत्र दाखवलं, चालती रेघ दाखवली. तो मान हलवत राहिला. मग सांगायला लागला, की काल रुग्णवाहिकेच्या चालकानं गावात बातमी आणली, बुरुलला बर्फात ठेवलंय. गावानं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. कादिरकुलनं भावकी जमवली, माझ्याच कोठारातून माझ्याच आजोबांचा तंबू काढला, आणि माझ्या अंगणात उभारला. तिच्यासाठी. बायका भिंतीकडं तोंड करून बसल्यासुद्धा.

मला हसू आलं. खरंच. जिवंत बाईचा तंबू. मी म्हटलं, जा आणि उतरव. तर तो पांढरा पडला.

"असा कसा उतरवू? म्हातारी माणसं म्हणतायत, ज्याच्यासाठी उभारला त्याला घेतल्याशिवाय तो उतरवायचा नसतो. आत कुणीतरी निजावं लागतं, दाजी."

असं म्हणत त्यानं कोट पसरला आणि तिच्या अंगावर घालायला वाकला. निदान उघडी तरी नको, म्हणाला. मी त्याचा हात धरला. आयुष्यात मी मेव्हण्याशी मोठ्या आवाजात बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. एवढंच म्हटलं, "कादिरकुल, तिला पांघरूण घातलंस तर तू तिला मारशील. बाहेर बस." तो कोट छातीशी धरून बाहेर गेला, आणि दाराबाहेर बाकावर बसून मुसमुसायला लागला.

दुपारी झेयनेप आली. म्हणाली, झाला दिवस, आता सुरुवात करू. खिडक्या लावल्या, पिशव्या काढल्या, औषधं कमी केली. खोली तापायला वेळ लागणार होता. बाहेर वादळ सुटलं होतं, काचांवर नुसता पांढरा उजेड, ना आकाश दिसत होतं ना जमीन. झेयनेप म्हणाली, आकडा आता मुंगीच्या पावलानं वर चढेल. चढला की मला आनंदानं हाक मारू नका, पण उतरला तर ताबडतोब मारा.

आकडा चढला. किंचित. यंत्राला टोपी काढून नमस्कार करायचाच काय तो बाकी होता.

मग तो थांबला. आणि उतरायला लागला.

मी झेयनेपला हाक मारली. ती आली, वायर तपासल्या, पांघरूण घातलं, बुरुलच्या छातीला नळी लावून ऐकलं. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, आणखी खाली गेला तर हृदय पुन्हा चुकेल. राजधानीला फोन लावते, दोन मिनिटं थांबा, आणि ती धावत गेली.

मी वळलो. पलंगाच्या पलीकडं स्टुलावर एक म्हातारी बसली होती. आमच्याकडं पाठ, भिंतीकडं तोंड. डोक्याला पांढरं फडकं, जुन्या पद्धतीनं गुंडाळलेलं. कादिरकुलबरोबर आलेली कुणी असेल, मला वाटलं. दार उघडल्याचा आवाज मात्र मी ऐकला नव्हता. तिचा एक हात मागं वळून पांघरुणाखाली गेला होता. बुरुलचा घोटा तिनं धरला होता.

"आई, हात काढा," मी म्हटलं. "तिला ऊब द्यायची वेळ आहे, तुमचा हात गार असेल..."

ती गुणगुणत होती. तोच हेल. तीच ओळ. नदी ओलांडताना गं, मागं नको पाहू. तेवढीच ओळ, आणि पुन्हा तीच. वास आला मला. जुनिपरच्या धुपाचा आणि ओल्या नमद्याचा. सुतकाच्या तंबूचा वास, दवाखान्यात.

माझ्या तोंडातून वाफ येत होती. दाराच्या काचेतून कादिरकुल दिसत होता, बाकावर पेंगत, त्याच्याही तोंडासमोर वाफ. ही गात होती, आणि हिच्या तोंडासमोर काहीच नव्हतं.

आकडा आणखी उतरला.

मी नाव घेतलं नाही. गेलेलं माणूस समोर आलं की घ्यायचं नसतं. पण तिनं मान थोडी वळवली आणि तो कात्रीसारखा आवाज, आता बोथट झालेला, म्हणाला, "अर्धा ठेवला रे हिनं..."

मी म्हटलं, ती आजारी आहे. बरी झाली की म्हणेल.

"मला कालच मातीत घातलं... वाटेला लागलेय. मागं बघू नको म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. मग मी बघितलं मागं... अंधार आहे रे तिकडं. एकटीला जाववत नाही. हिला जरा दे. थोडंच राहिलंय..."

खरं सांगू का, मला तिची भीती वाटली तशी कीवही आली. चाळीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यालो होतो. आणि पलंगावर माझी बायको होती, जिला मी बर्फ लावून लावून इथवर आणली होती. यंत्राची रेघ आता अडखळायला लागली होती. घोड्याचा पाय बर्फात रुततो तशी.

मी माझं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसलो. भिंतीकडं तोंड करून. पुरुषानं कधी करू नये ते केलं. पांढऱ्या घोडीपासून सुरुवात केली. माझा आवाज म्हणजे गाढवाचा, पण शब्द मला येत होते. निरोप आला त्या संध्याकाळी परातीवर मुठी आपटत तिनं जुळवलेला एकेक शब्द मी लगाम शिवता शिवता ऐकला होता. चूल, धार, माया, कुत्र्याचं पिलू. शेजारची म्हातारी मान डोलवत होती. कुत्र्याच्या पिलाला तर ती हसलीसुद्धा, मला खांद्याला कळलं.

मग शेवटचं कडवं आलं. नदी ओलांडताना गं, मागं नको पाहू. आणि पुढची ओळ मला येईना. त्या संध्याकाळी नेमका तेव्हाच कुत्रा भुंकला होता आणि मी उठून बाहेर गेलो होतो. बुरुलनं कुठला शेवट जुळवला, मला ठाऊकच नव्हतं.

म्हातारी वाट बघत होती. तिचा हात घोट्यावरून वर सरकत होता. मी डोळे मिटले आणि तोंडात आलं ते गायलो.

नदी ओलांडताना गं, मागं नको पाहू,
मागून मी येतो आहे, नको बाई भिऊ.

खोलीत सगळं शांत झालं. वादळसुद्धा. मी डोळे उघडले तेव्हा ती उभी होती, माझ्यासमोर, आणि तिचं तोंड मला दिसत होतं. ते सांगत नाही. पण ती समाधानी होती. जाताना तिनं माझ्या तोंडासमोरून हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या तोंडावरची माशी हाकलावी तितक्या मायेनं. काहीतरी मुठीत धरल्यासारखी बोटं मिटली. आणि मग स्टूल रिकामं होतं.

झेयनेप धावत आली तेव्हा आकडा चढत होता. मुंगीच्या पावलानं, पण थांबत नव्हता. ती नुसतं "बाबा" म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. नळी काढली. बुरुलचे डोळे उघडले, पण कुठंच बघत नव्हते. कादिरकुल दारात कोट घेऊन उभा. झेयनेपनं वाकून विचारलं, आई, ऐकू येतंय का. नाव सांगा. काही नाही. माझ्याकडं बोट करून विचारलं, हे कोण. सगळा बर्फ, सगळं धावणं, सगळं त्या एका उत्तरावर होतं.

बुरुलचे डोळे हळूहळू फिरले. माझ्यावर आले. थांबले. ओठ हलले, आवाज फाटलेला, पण तिचाच.

"म्हातारा," ती म्हणाली.

कादिरकुल मोठ्यानं रडला. झेयनेपनं टाळी वाजवली, लहान पोरीसारखी. मी पलंगाच्या कडेवर डोकं ठेवलं. एवढा आनंद अंगात मावत नव्हता, हाडं दुखायला लागली होती. आणि मग तिचे ओठ माझ्या कानाशी आले. हे बाकी कुणी ऐकलं नाही.

"शेवटची ओळ चुकवलीस रे तू..."

मी मान वर केली नाही.

"तू तिकडं सुखी राहा गं, आम्ही इथं राहू," ती कुजबुजली. "असं होतं ते. इथं राहू. तू हे काय कबूल करून बसलास..."

मी म्हटलं, मग आता बरोबर म्हणून टाक. तिनं डोळे मिटले. कोशोक दोनदा म्हणत नाहीत, म्हणाली.

घरी आलो तेव्हा अंगणात तंबू उभाच होता. कादिरकुल लाजून लाल झाला होता, दोर सोडायला पुढं झाला. बुरुलनंच त्याला अडवलं. राहू दे, म्हणाली. तेव्हापासून तो तिथं आहे. तिनं आत कधी चूल पेटवू दिली नाही, आणि मीही कधी आत पाऊल ठेवलं नाही.

ती बरी आहे. तू बघितलंस, चहा कसा आणून आदळला. जीभ तर उमसुनायची घेऊन आल्यासारखी. फक्त मधूनमधून, विशेषतः पीठ मळताना, ती पुटपुटते, आणि मी दारात आलो की गप्प होते. आता ऐकू येतंय का तुला? परातीचा आवाज. गावात तर कुणी गेलेलं नाही. मी विचारत नाही. ऐकतोय असं दाखवतही नाही.

चल, उठ आता, फाटकापर्यंत सोडतो. अंधार पडायच्या आत खिंड ओलांडलीस तर बरं. बूट नीट घाल. सांभाळ, पायरीवर बर्फ आहे.

आहे की नाही गारठा. तुझ्या तोंडातून बघ कसे लोट निघतायत. घोड्याच्या नाकातून बघ. त्या कुत्र्याच्यासुद्धा. आता माझ्याकडं बघ. ये, असा जवळ ये, मी फुंकर मारतो.

दिसली वाफ?

घाबरू नकोस, मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते, हात बघ, गरम आहे. सवय झाली. पण आता जरा तिकडं बघ, तंबूच्या माथ्याकडं, माझ्या आजोबांनी केलेल्या त्या कड्याच्या भोकातून. आत चूल नाही, माणूस नाही, तू मघाशी स्वतः डोकावून आलास. मी श्वास सोडतो तेव्हा बघ तिथून काय निघतं. आता... आणि आता...

म्हणून विकत नाही.